जपून ठेवलेले पट्टे

लाकूड घासायच्या मशीनचा पट्टा तुटून भावाच्या भुवईवर बसला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी विचारलं, लागलं कुठे? ताईने एकटीने विचारलं, तुटला कुठे?

प्रश्न चुकीच्या वेळी विचारला हे तिला विचारतानाच कळलं. भाऊ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला होता. भुवईवर टॉवेलचा बोळा, आणि बोळा लाल होत चाललेला. भावजय एका हाताने त्याचं डोकं सरळ धरत होती आणि पायाने स्वतःच्या चपला चाचपत होती. ती थांबली आणि नणंदेकडे वळली.

"वन्सं, माणूस रक्तबंबाळ झालाय आणि तुम्हाला पट्ट्याची पडलीय?"

"माणूस बसलाय, बोलतोय, डोळा उघडतोय, मिटतोय," ताई म्हणाली. "म्हणून पट्ट्याचं विचारते. सांध्यात तुटला की मधेच फाटला, एवढंच सांग, बारक्या."

"सांध्यात," बारक्या टॉवेलाआडून म्हणाला.

हे नाव त्याला ताईनेच ठेवलं होतं, तो रांगतही नव्हता तेव्हा. आता त्याचे उरलेसुरले केस पांढरे झाले होते आणि पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं, पण ताईपुढे तो बारक्याच होता. टाके घालून घरी आला तेव्हाही तो तिच्यासमोर तसाच बसला, कप फोडून आलेल्या पोरासारखा.

निर्णय मात्र त्याने घरच्या कर्त्या माणसासारखा घेतला. मशीन देऊन टाकायचं. मागच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याने पूर्वी विचारलं होतं. त्याला फोन केला, तो रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मशीन गेलं की मागची खोली मोकळी होणार होती आणि तिथे मुलगी, म्हणजे ताईची भाची, आपलं शिवणाचं मशीन मांडणार होती. तिच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी बाहेरची खोली इतकी भरली होती, की बसायचं म्हटलं तर आधी कुणाचा तरी कोट उचलावा लागायचा. म्हणजे सगळ्यांची सोय झाली.

"आणि बालवाडीच्या खुर्च्या?" ताईने विचारलं. मागच्या खोलीत छोट्या खुर्च्यांच्या पायांचा ढीग पडला होता, अर्धे घासलेले, अर्धे करवतीतून निघाले तसे खरखरीत.

"हाताने घासेन."

"तू हाताने घासशील तोवर ती पोरं लग्नाला येतील."

"ताई, डोळा वाचलाय माझा," तो म्हणाला. "दोन बोटं खाली बसला असता तर? आता बस्स. तुझे पट्टे जुने झाले. त्यांच्यात आता राम नाही राहिला."

तुझे पट्टे. ताई उठली, नळावर हात धुतले, कोरडे केले आणि मागच्या खोलीकडे निघाली.

पट्टे तिचे होते हे खरंच होतं. लाकूड घासायच्या मशीनवर फिरणारा हा पट्टा म्हणजे दुसरं काय? खरखरीत दाण्याच्या कापडाची लांब पट्टी आणि एक सांधा. पट्टी कारखान्यातली मोठी यंत्रं बनवायची. सांधा मात्र माणसाच्या हातचा असायचा. ताई तरुणपणी त्या कारखान्याच्या सांधा विभागात लागली आणि कारखाना बंद पडला त्या दिवशी तिथूनच बाहेर पडली. पट्टीची दोन टोकं काटकोनात कापायची, टोकांवरचा दाणा नखाएवढ्या रुंदीत खरवडून काढायचा, चिकट, म्हणजे कारखान्यातला गोंद, लावायची, मागून पातळ मजबूत फीत घालायची आणि गरम दाबाखाली धरायचं. पाहणाऱ्याला वाटायचं यात काय आहे. पण तोच पट्टा मशीनवर चढला की वाऱ्याच्या वेगाने फिरतो, आणि सांधा सुटला तर तो पट्टा राहत नाही, चाबूक होतो.

म्हणून तिथे एक पद्धत होती. सांधा मारणाऱ्या प्रत्येकीने पट्ट्याच्या पाठीवर, सांध्याला लागून, शिसपेन्सिलीने आपली खूण करायची. कुणी फुली मारायची, कुणी गोल. ताईची खूण म्हणजे दोन रेघा, एक लांब, एक आखूड. पट्टा तुटून परत आला की खूण पाहायचे आणि जिचा सांधा तिला सगळ्यांसमोर बोलवायचे. ताईलाही बोलावलं होतं, फार वेळा नाही. आणि दर वेळी तिने मशीन चालवणाऱ्याचीच काहीतरी चूक काढून दाखवली होती. पट्टा उलटा चढवला, ताण जास्त दिला, रोलरला गंज होता. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पट्टा फेकून देणं सोपं, असं साहेब लोक म्हणायचे आणि तिला त्याचा अभिमान होता.

कारखाना मोडीत निघाला तेव्हा चाचणी विभागातलं जुनं मशीन भावाने घरी आणलं आणि त्या मशीनच्या मापाचे उरलेले पट्टे ताईने. दोन पोती भरून.

तुटलेला पट्टा मागच्या खोलीत टेबलाच्या पायापाशी पडला होता, कात टाकून गेलेल्या सापासारखा. ताईने तो उचलला नाही. आधी मशीनचं झाकण काढून रोलर पाहिला. गंज नव्हता. बोट फिरवलं, गुळगुळीत. मग ताणाचा दांडा पाहिला, जिथे असायला हवा तिथेच होता.

"काय शोधतेयस आत्या?" भाची दारात उभी होती. तोंडात दोन टाचण्या, गळ्यात मोजपट्टी. तिला टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय होती आणि आईच्या ओरडण्याचा त्यावर काही उपयोग झालेला नव्हता.

"तुझ्या बापाची चूक."

"सापडली?"

"सापडेल. बारक्या!" तिने आतल्या खोलीच्या दिशेने आवाज दिला. "पट्टा उलटा चढवला होतास का? पाठीवरचा दिशेचा बाण पाहिला होता?"

"ताई, मी काय काल जन्मलो?" आतून उत्तर आलं. "बाण बघूनच चढवला."

"मग तो घाईचा असणार," ताई भाचीला म्हणाली. घाई म्हणजे सांधा विभागातली तिच्या शेजारी बसणारी बाई. सतत घाईत असायची म्हणून घाई. चिकट पुरती वाळायच्या आधी दाबाखाली घालायची, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी हात धुऊन तयार. "तिची खूण फुली. बघ, आता फुली निघेल."

तिने पट्टा उचलला, खिडकीशी नेला, पाठ उजेडाकडे धरली. सांध्याची फीत एका बाजूने पूर्ण सुटली होती आणि तिच्याखालची चिकट पिवळी होऊन भुकटीसारखी झडत होती. फितीच्या कडेला पेन्सिलीची खूण होती, पुसट.

एक लांब, एक आखूड.

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याने खूण बदलली नाही.

"फुली आहे?" भाचीने विचारलं.

खोटं बोलायला काही अडचण नव्हती. त्या खुणा वाचू शकणारं माणूस या घरात दुसरं नव्हतं, आणि घाई कुठे राहते हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली. "माझी आहे."

मग तिने आत जाऊन भावाला विचारलं, "डाव्या खुंटीवरचे पट्टे काय झाले?"

खुंट्यांचं खरं पाहता तिनेच ठरवून दिलं होतं. पोती उघडली तेव्हा तिने बसून एकेक पट्टा पाहिला होता आणि दोन वाटण्या केल्या होत्या. दुसऱ्यांच्या हातचे डाव्या खुंटीवर, आपल्या हातचे उजव्या खुंटीवर, वर जुन्या चादरीचं पांघरूण. आधी डावीकडचे वापर, असं भावाला बजावलं होतं. माझे जपून ठेव, चांगल्या कामाला काढ.

"डावीकडचे मागेच संपले," भाऊ म्हणाला. "म्हटलं, लहान मुलांच्या खुर्च्या आहेत, एखादं कुसळ रुतलं कुणाला तर? चांगला पट्टा लावू. म्हणून तुझा काढला."

ताई त्याच्या टाक्यांकडे बघत उभी राहिली. घाईचे पट्टे ताजे असताना लागले, झिजेपर्यंत फिरले आणि काम करून गेले. तिचे चादरीखाली लटकून म्हातारे झाले. दाण्याला वय नसतं, कापडालाही फारसं नसतं. पण चिकटीला असतं, आणि हे साऱ्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. माहीत असून तिने आपलेच मागे ठेवले होते. कारण ते आपले होते.

"म्हणजे वन्सं," भावजय ओट्यापाशी पाठमोरीच म्हणाली, "तुमच्याच हातचा सांधा होता तो."

"हो. माझ्याच हातचा."

"बरं झालं, कळलं तरी."

"जाऊ दे ना आता," भाऊ म्हणाला.

"का जाऊ दे?" ताईचा आवाज चढला. "माझा सांधा सुटला, तुला लागलं. त्याबद्दल मी काय म्हणायचं ते तुला एकट्याला म्हणेन. पण सांधा सुटला म्हणून मशीन विकायचं, हा कुठला हिशेब? बटण तुटलं म्हणून कुणी कोट फेकतं का? सांग गं, तू शिवतेस ना?"

"मला मधे घेऊ नका," भाची म्हणाली. टाचण्या अजून तोंडातच होत्या.

उजव्या खुंटीवरचे सगळे पट्टे ताईने खाली काढले. एकेक घेऊन सांध्यापाशी वाकवला. बहुतेकांची फीत वाळक्या पानासारखी कुरकुरली, काहींची नुसत्या वाकवण्याने निघून हातात आली. एकही पट्टा लावण्यालायक नव्हता. आणि एकाही पट्ट्याचा दाणा गेलेला नव्हता. तळहात ठेवला की अजून चावत होता.

"तर आत्या, माणसाचंही असंच असतं," भाची म्हणाली. "नुसतं जपून ठेवलं की—"

"मला शहाणपणा शिकवू नकोस. हे टोक धर."

नवे पट्टे आणण्याचा विचार झालाच नाही असं नाही. भाचीने दुकानाला फोन लावून माप सांगितलं. त्या मापाचं मशीन आता कुणाकडे नाही, त्यामुळे पट्टे येत नाहीत, असं उत्तर आलं. बनवून मिळतील, पण मोठी ऑर्डर हवी.

"किती मोठी?" ताईने विचारलं.

भाचीने आकडा सांगितला.

"एवढ्या पट्ट्यांत मी सगळ्या गावाची दारं-खिडक्या घासून देईन," ताई म्हणाली. "ठेव फोन. रविवारपर्यंत मशीन जागचं हलवायचं नाही. सांधा मेलाय, पट्टा मेलेला नाही."

"रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आहे, वन्सं," भावजय म्हणाली.

"येऊ दे ना. टेम्पोला कुणी अडवलंय?"

कारखान्यात गरम दाबाचं यंत्र होतं, डब्यातून येणारी चिकट होती, कापायला पातं होतं. इथे कात्री, कानस आणि एक चिडलेली बाई होती. तिने पहिल्या पट्ट्याचा जुना सांधा कापून टाकला, नव्या टोकांवरचा दाणा कानशीने खरवडला आणि घरात होती ती झटपट चिकटणारी नळी वापरली. सांधा क्षणात पक्का झाला, आणि झाडूच्या दांड्याभोवती वाकवला तेव्हा काचेसारखा काडकन तडकला.

"झालं?" भावजय दारातून म्हणाली.

"सुरू झालं," ताई म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग हातातल्या पट्ट्याकडे. "मावशी, चप्पल काढा."

"चप्पल ठीक आहे. हे बघा. हे सारखं वाकतं, गरम होतं, जोरात फिरतं. आणि सुटलं तर माणसाला फोडतं. काय लावू?"

"माणसाला फोडतं?" त्याने बूट खाली ठेवला. "म्हणजे पळायच्या बुटाचा सोल समजा की. हे सोल्युशन लावा. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत वाळू द्यायचं, मग गरम करून दाबायचं. ओलं असताना चिकटवाल तर फसाल. तसं करणाऱ्याचा बूट माझ्याकडे परत येतो."

"हे मला नका सांगू," ताई म्हणाली. "माझ्या शेजारी एक बसायची, तिला सांगायला हवं होतं." तरी सोल्युशन तिने घेतलं, आणि बुटाच्या टाचेत आतून शिवतात ती पातळ नायलॉनची पट्टीही घेतली. जाता जाता तो म्हणाला, तुटलं तर मला सांगू नका, मला झोप लागणार नाही.

आता गरम दाब हवा होता. तो घरात एकाच वस्तूत होता.

"माझी इस्त्री!" भावजय मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन थबकली. इस्त्री दोन लोखंडी पट्ट्यांवर टेकवलेली होती, पट्ट्यांच्या मधे सांधा, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळलेले, आणि खोलीत बुटांच्या दुकानाचा वास. "वन्सं, त्या इस्त्रीने मी ह्यांचे शर्ट करते."

"शर्ट थांबतील."

"आणि वास?"

"वास शर्टाला नाही, इस्त्रीला लागेल."

"म्हणजे मग शर्टालाच ना!" भावजय म्हणाली. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं." पण तिने इस्त्रीची वायर ओढून काढली नाही. ती तशीच मागे फिरली.

शनिवारी पट्टा चढला. झाडूच्या दांड्यावर न तडकलेला, हाताने ओढून न सुटलेला. ताईने बटण दाबलं आणि बाजूला झाली. पट्टा फिरला, आणि दोन फेऱ्यांत रोलरच्या कडेकडे सरकायला लागला, जणू त्याला खोलीतून बाहेर पडायचं होतं. तिने रोलरचा कोन फिरवला. पट्टा दुसऱ्या कडेकडे निघाला. कड मशीनच्या अंगाला घासली, दोरे निघाले, आणि तिला बटण बंद करावं लागलं.

"रोलर वाकडा आहे," ती म्हणाली.

"रोलर नाही, आत्या. तू तिरकं कापलंयस."

"मी? मी आयुष्यभर हेच कापत आलेय."

"तेव्हा पात्याला कोन ठरलेला होता. इथे तू कात्रीने कापलंस, आणि डोळ्याने." भाचीने पट्टा काढून टेबलावर सांध्यापाशी सपाट केला आणि कपड्याची मापं टाकायचा काटकोन त्यावर ठेवला. पट्टीच्या एका कडेला दोऱ्याएवढी फट दिसत होती. तेवढंच. पण तेवढ्याने पट्ट्याची एक कड दुसरीपेक्षा लांब झाली होती.

ताईने फटीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आलेलं वाक्य तिने गिळलं, हे भाचीला दिसलं.

"तुला ही खोली हवीय ना?" ताई म्हणाली. "मग गप्प बसायचं. उद्या मशीन गेलं असतं."

"हवीय. अजूनही हवीय. पण वाकडं कापलेलं मला बघवत नाही." भाचीने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. "दुसरा पट्टा दे. मी कापते, तू जोड."

भाचीने खडूने रेघ आखली आणि आपल्या मोठ्या कात्रीऐवजी जुनी कात्री घेऊन कापलं, कारण दाण्यावर चालवलेली कात्री पुन्हा कापडाच्या कामाची राहत नाही, आणि तिच्या मोठ्या कात्रीला घरात कुणीच, बापानेही, हात लावायचा नव्हता. ताईने खरवडलं, लावलं, वाळायची वाट पाहिली. बोट टेकवलं. चिकटत होतं. आणखी वाट पाहिली. इतक्या वर्षांत तिने घाईला जे सांगितलं ते आता स्वतःला सांगत ती स्टुलावर बसून राहिली. मग इस्त्री. मग क्लॅम्प. शेवटी तिने पेन्सिल घेतली आणि सांध्याच्या कडेला दोन रेघा मारल्या. क्षणभर थांबून त्यांच्या शेजारी भाचीसाठी एक टिंबही दिलं.

"हे काय?"

"परत आला तर दोघींना बोलावतील," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी तिने जुन्या पेटीचं पत्र्याचं झाकण मशीनला स्क्रूने बसवलं, पट्टा उडालाच तर पत्र्यावर बसेल असं. डोळ्यांवर भावाचा चष्मा चढवला, काम करतानाचा, जो त्याने त्या दिवशी लावलेला नव्हता. हे तिला खुंटीवर तो धुळीने माखलेला पाहून कळलं होतं, आणि त्याबद्दल ती काही बोलणार नव्हती. निदान आज नाही. आज तिला दुसऱ्याची चूक नको होती.

मशीन सुरू झालं. पट्टा रोलरच्या मधोमध राहिला. सांधा फिरून येईल तेव्हा टक असा बारीक आवाज होत होता, कारण तिचा सांधा कारखान्याच्या सांध्यापेक्षा जाड झाला होता. टक, टक, टक. तिने खुर्चीचा एक पाय उचलला आणि टेकवला.

लाकडाची भुकटी उडाली. खरखरीत कडा वितळल्यासारख्या गोल होत गेल्या. पाय फिरवत फिरवत तिने चारी बाजू घासल्या, गालाला लावून पाहिला आणि दुसरा घेतला.

आवाजाने घर जागं झालं होतं. भाऊ दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला, त्याच्या पुढे त्याचं पाऊल पडलं नाही. त्याच्यामागे भावजय. आणि तिच्यामागून, ठरल्याप्रमाणे, फर्निचरवाला. हातात दोर, टेम्पो बाहेर चालूच.

"ताई, बंद कर," भाऊ ओरडला. "ते आलेत."

"हा पाय होऊ दे."

पाय होईपर्यंत तिघे उभे राहिले. तिने बटण बंद केलं, चष्मा कपाळावर ढकलला. फर्निचरवाल्याने पुढे होऊन घासलेला पाय हातात घेतला, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि खूश झाला.

"फोनवर म्हणालात पट्टे तुटतात, आता चालत नाही. हे तर झकास चालतंय! मग काय, उचलतो मी."

हे ताईच्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन चालतं हे दाखवायच्या नादात तिने ते विकायला आणखी सोपं करून ठेवलं होतं. दाराशी येऊन थांबलेल्या भाचीने तिच्याकडे पाहिलं. ताईने मशीनवर हात ठेवला.

"हा पट्टा किती दिवस टिकेल?" भावाने विचारलं. तो फर्निचरवाल्याकडे बघत नव्हता.

"माहीत नाही," ताई म्हणाली. "माझा आधीचा सांधा टिकेल असंच वाटलं होतं मला. तुटेल तेव्हा पुन्हा जोडीन. खुंटीवर अजून आहेत, ते एकेक करून जोडणार. आणि जोडलेला लगेच वापरायचा, जपून ठेवायचा नाही."

"आणि माणूस तुटला तर, वन्सं?" भावजयीचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "त्याला कुठलं सोल्युशन लावणार तुम्ही?"

ताईने भावाच्या भुवईकडे पाहिलं. टाक्यांभोवती निळं पडलं होतं.

"त्या दिवशी तुला लागलं ते माझ्या सांध्यामुळे, बारक्या," ती म्हणाली. त्याला एकट्याला म्हणायचं ठरवलं होतं, सगळ्यांसमोर म्हणावं लागलं. "म्हणून पत्रा लावलाय. म्हणून पट्ट्यासमोर मी उभी आहे, तू नाहीस. यापुढेही मीच राहीन. पण मशीन द्यायचं नाही. द्यायचं तर मला ढकलून न्यावं लागेल, आणि मी काही हलकी नाही."

"नाही हो," फर्निचरवाला घाईघाईने म्हणाला, "आम्हाला फक्त मशीन हवंय."

भाची हसली, मग तिने हसू आवरलं. भाऊ उंबऱ्यावर तसाच उभा होता. त्याने आत एक पाऊल टाकलं, आणि मशीन बंद असूनही त्याचा हात आपसूक भुवईकडे गेला. त्याने तो खाली घेतला.

"मी तिथे उभा राहणार नाही, ताई," तो म्हणाला. "तो आवाज ऐकला की पाय आपोआप मागे जातात माझे. मला जमणार नाही आता."

"नको राहूस. तू खुर्च्या जोड. घासायचं माझं."

"या वयात?"

"वय सांध्याला असतं. दाण्याला नसतं."

"आत्या, आता हे शहाणपण कोण शिकवतंय?" भाची पुटपुटली.

भाऊ फर्निचरवाल्याकडे वळला. "मशीन द्यायचं नाही. तुम्हाला फेरा पडला, माफ करा."

"अहो, टेम्पो आणलाय मी! माणसं आणलीत!"

"चहा घ्या आणि जा," भावजय म्हणाली. तिचा राग गेलेला नव्हता, तो आता फर्निचरवाल्याच्या वाट्याला गेला होता. "मशीन आमचं, टेम्पो तुमचा." मग नणंदेला म्हणाली, "आणि तुम्ही, वन्सं, मला नवी इस्त्री आणून द्यायची. ही आता तुमचीच. आणि तो चष्मा डोळ्यांवरून उतरलेला मला एकदा जरी दिसला, तर मशीनची वायर मी स्वतः ओढीन. खोलीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही भाचीशी बघा."

"भिंतीकडची अर्धी तिची," ताई म्हणाली.

"लाकडाच्या धुळीत मी पांढरे कपडे शिवू?" भाची म्हणाली. "मधे पडदा लागेल. जाड."

"मग पडदा शिव. तुझाच धंदा आहे."

फर्निचरवाला दोर गुंडाळत चहाला न थांबता गेला. बाहेर टेम्पो थोडा वेळ घुरघुरला आणि निघाला. ताईने चष्मा डोळ्यांवर घेतला, पत्रा हलवून पाहिला, स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला आणि बटण दाबलं. टक, टक, टक. भाऊ त्या आवाजाने उंबऱ्याच्या बाहेर सरकला. मग तिथूनच, अंग खोलीबाहेर ठेवून आणि हात होईल तेवढा लांब करून, त्याने ढिगातला एक खरखरीत पाय उचलला आणि तिच्यापुढे धरला.